शांत्यर्पणातली ‘शांती’ कुठली?

प्रश्न असा आहे: “मराठी बायबलात लेवीय या पुस्तकात होमार्पण, अन्नार्पण यांच्या पंक्तीला ‘शांत्यर्पण’ येतं. ही आपल्या वास्तुशांत, उदकशांत यांतली शांत समजायची, की घरात दुःख घडल्यावर मनाला शांती मिळावी म्हणून केलेलं अर्पण? यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात 40 व्या अध्यायात ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा’ आहे. त्याचा याच्याशी काही संबंध?”

दोन्ही नाही. दुसरा अर्थ तर मूळ विधीच्या अगदी उलट जातो. यशयाशी संबंध मात्र आहे, फक्त तो ‘शांती’ या शब्दातून लागत नाही.

आधी घरचं उरकून घेऊ. ‘शांत’ हा शम् या धातूपासून आलेला, तालव्य श. ‘सांत्वन’ हा सान्त्व् या वेगळ्या धातूपासून, दंत्य स. गोड बोलून समजूत घालणे हा त्याचा अर्थ. सामदामातल्या सामालाही जुने राजनीतिग्रंथ ‘सान्त्व’ म्हणतात. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून ‘शांत्वन’ असं चुकीचं लिहिलेलं सर्रास दिसतं आणि प्रश्नातला घोळही थोडासा तिथूनच आला असावा.

हिब्रूत या अर्पणाचं नाव आहे ‘शेलामीम’. धातू श-ल-म. त्याचा गाभा शांततेचा नाही, अभंगपणाचा आहे: पुरं असणं, काही उणं नसणं. ‘शालोम’ त्यातलाच. हा धातू अरबीतही आहे आणि तिथून मराठीत आलेल्या एका शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे: सहीसलामत. माणूस प्रवासातून सहीसलामत परतला म्हणजे त्याचं मन शांत आहे असं आपण म्हणत नाही, तो धडका परतला असं म्हणतो. शेलामीममधलं ‘शेलाम’ हे त्या सलामतीचं सख्खं भावंड.

त्याच धातूचं क्रियापद ‘शिल्लेम’, म्हणजे देणं चुकतं करणं, फेडणं. 116 व्या स्तोत्रात भक्त म्हणतो, ‘नेदाराय लादोनाय अशाल्लेम’, परमेश्वराला बोललेले नवस मी फेडीन. इथे मराठीला काही शोधावंच लागत नाही, ‘नवस फेडणे’ तयार आहे. लेवीयच्या 7 व्या अध्यायात शेलामीमचे प्रकार दिले आहेत तेही असेच: तोदा म्हणजे उपकारस्तुतीचं, नेदेर म्हणजे नवसाचं, नेदावा म्हणजे आपखुशीचं. होमार्पण सगळंच्या सगळं वेदीवर जळतं. शेलामीमचं तसं नाही. चरबी आणि गुरदे वेदीवर, छातीचा भाग आणि उजवी मांडी याजकांना, आणि उरलेलं मांस देणाऱ्यानं आपल्या गोतावळ्यासह खायचं. म्हणजे ज्यांना कंदुरी, नवसाचं बकरं कापून घातलेलं गावजेवण, ठाऊक आहे त्यांना चित्र लगेच उभं राहील. शिवाय वेळेची अट कडक. नवसाचं मांस दोन दिवसांत संपवायचं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. तोदाला तर तीही सवलत नाही, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, तोदाबरोबरच्या भाकऱ्यांची गणती 40 आहे. एक अख्खं जनावर, 40 भाकऱ्या आणि एक रात्र! माणसं बोलावल्याशिवाय ते संपणारच नाही, आणि तसाच हेतू होता असं काही भाष्यकार म्हणतात.

मग ‘शांती’ आली कुठून? भाषांतराच्या वाटेनं. जुन्या ग्रीक अनुवादात लेवीयमध्ये ‘तारणाचा यज्ञ’ असा शब्द आहे, राजांच्या पुस्तकांत मात्र ‘शांतीचा’. लॅटिननं शांतीच धरली, इंग्रजीनं तीच उचलली आणि मराठीतही तीच आली. मला विचाराल तर ‘क्षेमार्पण’ अधिक बरं बसलं असतं. क्षेमकुशल, योगक्षेम यांतला क्षेम म्हणजे असलेलं नीट राहणं, आणि ते श-ल-मच्या बरंच जवळ जातं. पण शंभराहून जास्त वर्षं रुळलेला शब्द आता कोण बदलणार! वाचताना शांतीच्या जागी ‘सलामती’ ठेवून वाचावं, एवढं आपल्या हाती आहे.

आता दुःखाचं. तालमुद म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्याच्या ‘मोएद कातान’ या भागात रब्बी शिमोन यांचं एक वचन आहे: शेलामीम कधी, तर माणूस ‘शालेम’ असताना; ‘हासेर’ असताना नव्हे. शालेम म्हणजे पुरा, हासेर म्हणजे उणा. घरचं माणूस गेलं की उरलेला माणूस उणा झाला, आणि उण्या माणसानं पुरेपणाचं अर्पण आणू नये. ज्याच्या जवळच्या नात्यातलं माणूस गेलं आहे आणि दफन व्हायचं आहे अशाला ‘ओनेन’ म्हणतात. त्यानं पवित्र अन्न खायचं नाही. अनुवाद 26:14 मध्ये दशमांशाचा हिशेब देताना शेतकऱ्यालाही म्हणावं लागतं की, मी शोकात असताना यातलं काही खाल्लेलं नाही.

इथे आपल्याला सुतक आठवणार. बाहेरून सारखं दिसतं खरं, पण सुतकाचा भर विटाळावर आहे. प्रेताच्या विटाळाचे नियम ज्यू धर्मशास्त्रात आहेतच, मात्र ते वेगळ्या खात्यात. ओनेनला अर्पण वर्ज्य आहे ते तो विटाळलेला आहे म्हणून नव्हे. मृत्यूच्या वेळी तो शेकडो कोस दूर असला आणि प्रेताचा त्याला स्पर्शही झाला नसला, तरी तो ओनेनच. याला अपवाद महायाजकाचा. तो ओनेन असतानाही वेदीवर अर्पण करतो, पण खात नाही. मिश्नाचा नियम असा आखूड आहे: अर्पितो, खात नाही.

आणि या नियमामागे एक प्रसंग आहे, लेवीयचा 10 वा अध्याय. निवासमंडपाच्या, म्हणजे तंबूच्या देवळाच्या, प्रतिष्ठेचा आठवा दिवस. मोशेचा भाऊ आणि महायाजक असलेल्या अहरोनाची थोरली दोन मुलं, नादाब आणि अबीहू, सांगितलेला नसलेला अग्नी घेऊन पुढे जातात आणि आगीत मरतात. मोशे काहीतरी बोलतो. अहरोनाविषयी हिब्रूत दोनच शब्द आहेत: ‘वय्यिद्दोम अहरोन’. अहरोन निःशब्द झाला. पुढे त्याला आणि उरलेल्या दोन मुलांना ताकीद मिळते की केस मोकळे सोडू नका, कपडे फाडू नका, काम चालू ठेवा. थोड्या वेळानं मोशे पापार्पणाच्या बोकडाची चौकशी करतो, ‘दारोश दाराश’, कसून शोध घेतो. (तालमुदातल्या एका गणनेनुसार तोराच्या, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, सगळ्या शब्दांचा मध्य नेमका या दोन शब्दांमध्ये पडतो.) बोकड याजकांनी खायला हवा होता, तो जाळून टाकलेला. मोशे रागावतो, पण एलाजार आणि इथामार या मुलांवर. उत्तर देतो अहरोन, आणि प्रसंग घडल्यापासून तो पहिल्यांदाच तोंड उघडतो: आज माझ्यावर हे असं ओढवलेलं, मी ते खाल्लं असतं तर परमेश्वराला बरं वाटलं असतं का? मोशेनं ऐकलं आणि त्याला ते पटलं.

बोकड नक्की का जाळला यावर तालमुदात वाद आहे. एक मत म्हणतं शोकामुळे, दुसरं म्हणतं तो विटाळला म्हणून. पण अध्यायातला संवाद जसा वाचायला मिळतो तसा घेतला तर वजन शोकाच्याच बाजूला पडतं. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट: त्या दिवशी अहरोनाचं सांत्वन कोणी केलं असं अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा ‘दुःखानंतरचं अर्पण’ हा अर्थ बाद.

यशयातला शब्द ‘नहामू’. धातू न-ह-म. हा धातू मोठा चमत्कारिक आहे, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यासारखे दिसतात: सांत्वन करणं आणि पस्तावणं. उत्पत्तीच्या 5 व्या अध्यायात नोहाचं नाव ठेवताना बाप म्हणतो, हा आमचं सांत्वन करील. पुढच्याच अध्यायात माणूस घडवल्याचा परमेश्वराला पस्तावा होतो आणि क्रियापद तेच. दोन्हीकडे मन एका जागेवरून दुसरीकडे वळतं, एवढा धागा पकडला की पुरे. होमाच्या धुराला लेवीयमध्ये ‘रेआह निहोआह’, सुखवणारा सुवास, म्हणतात. तो शब्द न-व-ह, विसावणं, या धातूचा. त्याला न-ह-मशी जोडायचा मोह होतो, नोहाच्या गोष्टीत तशी शब्दांची खेळी केलेलीही आहे, पण व्युत्पत्ती वेगळी.

खरा दुवा पुढच्या ओळीत आहे. यशया 40:2 मध्ये यरुशलेमेला काय सांगायचं? ‘की निर्त्सा अवोनाह’. अवोन म्हणजे अपराध. आणि निर्त्सा? हा लेवीयच्या पहिल्याच अध्यायातला शब्द. अर्पण आणणारा जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो, ‘वेनिर्त्सा लो’, आणि ते त्याच्याकडून स्वीकारलं जातं. शेलामीमच्या नियमातही तोच धातू आहे: तिसऱ्या दिवशी मांस खाल्लं तर ‘लो येरात्से’, ते स्वीकारलं जाणार नाही. म्हणजे वेदीजवळ वापरायचा शब्द संदेष्ट्यानं उचलून उद्ध्वस्त नगरीच्या अपराधाला लावला. भाषांतरांत तो कुठे ‘क्षमा झाली’ तर कुठे ‘फिटलं’ असा उतरतो. काही कोशकार इथे दोन वेगळे धातू मानतात, एक स्वीकारण्याचा आणि एक फेडण्याचा. असतीलही. पण ऐकणाऱ्याच्या कानाला एकच शब्द येत होता.

मराठीत यासाठी ‘पावणे’ आहे. देव नवसाला पावतो, आणि पैसे पावले की मिळते ती पावती. स्वीकार आणि फेड, दोन्ही एका क्रियापदात. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचतात त्या हग्गादा या पोथीच्या शेवटच्या भागाचं नावही ‘निर्त्सा’ असंच आहे. आपल्याकडच्या बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, 1874 साली पुण्यात हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेली हग्गादा छापली गेली, तेव्हा हा शब्द कोकणातल्या घरांत मराठीशेजारी येऊन बसलेला आहे.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमेतलं मंदिर पाडलं आणि अर्पणं थांबली. त्यानंतर लेवीय वाचायचं कशाला? तालमुदाच्या ‘मेनाहोत’ या भागात उत्तर आहे: पापार्पणाच्या नियमांचा जो अभ्यास करतो त्यानं जणू पापार्पण केलंच. त्या विध्वंसाचा उपास ‘तिशा बेआव’. तो कोकणातल्या बेने इस्राएलांत ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई, वालाच्या बिरड्यावरून. त्यानंतरच्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाला, ‘शब्बाथ नहामू’ म्हणतात, कारण त्या दिवशी यशयाचा हाच 40 वा अध्याय वाचतात. तिथून वर्षारंभापर्यंत सात शब्बाथ सांत्वनाची वाचनं, सगळी यशयातलीच. आणि ‘नहामू’ची पाठ भक्कम होते ती विलापगीत या यरुशलेमेच्या शोकाच्या पुस्तकामुळे. तिथे पहिल्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतं, ‘एन मेनाहेम लाह’, तिचं सांत्वन करणारं कोणी नाही. तोच धातू.

एक बारकावा मराठी वाचकाच्या हातून हमखास निसटतो. ‘सांत्वन करा’ यातलं ‘करा’ आपल्याला आदरार्थीही वाटू शकतं, एकाच वडीलधाऱ्या माणसाला सांगितल्यासारखं. समोरच्याला मान म्हणून बहुवचन वापरायची रीत बायबलच्या हिब्रूत नाही, तेव्हा ‘नहामू’ हे खरंखुरं अनेकवचन: हे काम अनेकांना सांगितलेलं आहे. कोणाला, ते मूळ ओळीत नाही. जुन्या अरामी भाषांतरानं तिथे संदेष्ट्यांना घातलं. मराठीत एकच अक्षर वाढवून ‘करा रे’ म्हटलं तरी निदान वचनाचा प्रश्न सुटेल.