अडीच वर्षांच्या पोराला पुस्तक काय कळणार?

यावल तालुक्यातलं केळी बागायतदारांचं घर. सासू, सून आणि अडीच वर्षांचा नातू माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) धाकटी बहीण झाल्यापासून मुलगा चावत होता, हाताला येईल ते फेकत होता. आई म्हणाली, "मॅडम, मोबाईल दिला की गप्प, काढला की थैमान. पुस्तकं आणली तर फाडून टाकली. एवढ्याशा पोराला त्यातलं काय कळणार?"

जळगाव-भुसावळकडचे कितीतरी तरुण आईबाप मला हेच विचारतात. कळतं, पण अक्षरं नाहीत, चेहरे कळतात. या वयात राग मोठ्या माणसाइतकाच येतो. तो आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र अगदी कच्चा असतो, विशीनंतरही तो घडतच असतो. सांगायला शब्द नाहीत, म्हणून दात पुढे येतात.

घरी कसं वाचता, हे मी आईला करून दाखवायला सांगितलं. "हा वाघ. म्हण वाघ. हा ससा. म्हण ससा." भराभर पानं उलटली, मुलगा उठून पळाला. मग मी एक पान उघडलं. चिखलात चेंडू पडलेला, शेजारी रडणारी मुलगी. "हिला काय झालं?" एवढंच विचारून मी थांबले. हे थांबणं पालकांना फार जड जातं, आईने दोनदा उत्तर सांगायला तोंड उघडलं. मुलाने चित्रातल्या अश्रूवर बोट ठेवलं. मागून आजीने विचारलं, "का रडस वं ती?" तो लगेच म्हणाला, "बॉल गया!"

आईला वाटत होतं, पुस्तक म्हटलं की शुद्ध मराठीतच बोलायला हवं. मी म्हटलं, ज्या बोलीत आजी त्याला मांडीवर घेते, त्याच बोलीत राग-रडू बोलू द्या. छापलेलं वाक्य वाचलंच पाहिजे असं नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचं पालकांबरोबरचं चित्रपुस्तक वाचन पाहिलं. चित्रातल्याला काय वाटतंय, का वाटतंय, हे जे पालक मुलांना बोलायला लावत होते, त्यांची मुलं इतरांना मदत करण्यात आणि वस्तू वाटून घेण्यात पुढे होती. पालकांनी स्वतःच भावनांची नावं सांगत राहण्याने मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून मी विचारण्यावर आणि थांबण्यावर एवढा जोर देते.

घरासाठी सांगितलं ते साधं होतं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एकच पुस्तक, झोपण्याआधी, पानं त्यानेच उलटायची. रोज तेच मागितलं तर तेच द्यायचं. फाटलं तर दोघांनी मिळून चिकटपट्टी लावायची. केळीच्या गाड्या भरून बाबा उशिरा येतात, तर त्यांनी सकाळी दोन पानं बघावीत. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्लाही सांगितला: दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला 1 तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं.

काही आठवड्यांनी आई आली. आईच्या कुशीत बाळ आणि बाजूला फुगून बसलेला मुलगा, अशा चित्रावर बोट ठेवून तो "मी" म्हणाला होता. तिने विचारलं, "मग आता काय करू या?" पटकन "असं रुसायचं नाही हं" म्हणाली नाही, याचं मला फार बरं वाटलं. तसं म्हटलं असतं तर पुढच्या वेळी तो बोललाच नसता. तो मांडीवर चढला. चावणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही. या वयात तेवढं पुरे.

मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर पुस्तकावर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मूल रागाने लालबुंद झालं असताना पुस्तक उघडू नका. तेव्हा हात धरून चावणं थांबवायचं, "राग उना ना तुले?" (राग आला ना तुला?) एवढंच म्हणायचं आणि जवळ बसायचं. चित्र नंतर, पोट भरल्यावर.