ती एक कान काढून गाते, काय करू?

प्रश्न : मुलुंडमधल्या आमच्या हौशी वाद्यवृंदाचं साउंड मी बघतो. यंदा गायिकेसाठी इन-इअर मॉनिटर, म्हणजे गाताना स्वतःचा आवाज आणि वाद्यं ऐकायचे इअरफोन घेतले. मुखड्याला तिचा आवाज तबला-कीबोर्डखाली बुडतो आणि अंतऱ्यात वरचा सूर लागला की अंगावर येतो. कार्यक्रम संपेपर्यंत फेडरवरचं (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवरचं) माझं बोट निघत नाही. तिची तक्रार वेगळीच : "माझा आवाज मलाच कधी येतो, कधी जातो." मग ती एक कान काढते आणि सूर चढू लागतो. कोजागरीला कार्यक्रम आहे. चूक माझी की तिची?

उत्तर : तिची अजिबात नाही. आणि फेडरवर बोट ठेवता म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मुखड्याला तीन-चार डीबी (डेसिबल) वर, अंतऱ्याला तेवढंच खाली, हे हातानं करत राहणं हेच आपलं काम. पण "कधी येतो, कधी जातो" हे तिचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझी शंका अशी, की तुमचं बोट हललं की तिच्या कानातला आवाजही हलतोय.

तपासायला अर्धं मिनिट लागेल. तिला एकच ओळ म्हणत राहू द्या आणि तिचा फेडर पूर्ण खाली घ्या. कानातलाही आवाज गेला, तर तुमचा ऑक्स (तिच्या कानात आवाज पाठवणारी वेगळी वाट) पोस्ट-फेडर आहे, म्हणजे फेडरच्या नंतर निघतो. तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी निघणारा करा. मग हॉलसाठी फेडर कितीही हलवा, तिच्या कानाला धक्का लागत नाही.

गेनचं, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा त्याचं, मात्र तसं नाही. ऑक्स प्री-फेडर असला तरी गेन त्याच्याही आधी बसतो. हे मी फार महागात शिकलो. दादरच्या एका नाट्यगृहात आधीच्या नाटकाचा सेट उतरायला उशीर झाला, साउंड चेकला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. बाईंनी अर्ध्या आवाजात दोन ओळी म्हटल्या, त्यावर मी गेन लावला. दुसऱ्याच गाण्यात मिक्सरवर लाल दिवा लागला (आवाज फाटण्याची खूण), म्हणून मी गेन खाली घेतला. त्यांना कानात स्वतःचा आवाज कमी आला, त्या जोर लावू लागल्या, पुन्हा लाल, मी आणखी खाली. तेव्हा दिसलं : स्थायी गाता गाता त्यांचा डावा हात पदराखाली कमरेच्या बेल्टपॅककडे गेला आणि बोट व्हॉल्यूमची खुंटी चाचपडत फिरवू लागलं. चेहरा प्रेक्षकांकडे, हसरा. त्या रात्री त्यांचा गळा बसला, आणि त्याला कारण मी होतो.

म्हणून साउंड चेकला "हॅलो, चेक" नको. सगळ्यात वरच्या पट्टीची ओळ, पूर्ण ताकदीनं, सगळी वाद्यं वाजत असताना गायला सांगा. डिजिटल मिक्सरवर तिथलं टोक मीटरवर उणे दहा डीबीच्या आसपास राहील असा गेन लावा. नंतर हात लावू नका.

आता कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय. हॉलसाठी तीनास एक (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज तीन डीबी चढला तर एकच पुढे जाईल), वरच्या सुरावर चार-पाच डीबी दाबेल इतकाच. तोच दाबलेला आवाज तिच्या कानात गेला, तर ती कितीही जोर लावो, तिला फरकच कळत नाही; मग ती आणखी ओढते. मिक्सरवर तिचा माइक दोन चॅनलवर घ्या : एक हॉलचा, एक फक्त कानाचा. कानाच्या चॅनलवर कंप्रेसर नको. जोर लावला की तिला तो ऐकू येईल आणि ती आपणहून सावरेल. मीटरपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

एक कान काढणं ही सवय काळजीची आहे. उघड्या कानात स्टेजचा गोंगाट शिरतो आणि एकाच कानानं ऐकताना आवाज कमी वाटतो, मग ती व्हॉल्यूम वाढवते. 85 डीबीला आठ तास सुरक्षित धरतात; दर 3 डीबीला वेळ निम्मा होतो. 94 ला एक तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. तुमचा कार्यक्रम तीन तासांचा. बेल्टपॅकवर लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) असेल तर आजच चालू करा.

पण रागावू नका, ती कान का काढते ते बघा. बहुधा इअरफोनची टिप (कानात बसणारं टोक) नीट बसत नाही. कीबोर्डचा खालचा सूर लावा आणि तिला दोन्ही इअरफोन बोटानं हलकेच आत दाबायला सांगा. दाबल्यावर खर्ज भरून आला, तर टिपचं माप चुकलंय. दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तरी नवल नाही. दुसरं कारण एकटेपण. प्रेक्षकांची दाद बंद कानात पोचत नाही. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावा आणि ते फक्त तिच्या कानात, थोडेसे सोडा. गाणं संपलं की वाढवा, सुरू झालं की उतरवा.

सुरासाठी हार्मोनियम तिच्या आवाजाच्या जवळजवळ बरोबरीनं द्या, थोडी डावीकडे. कीबोर्ड उजवीकडे, आवाज मधोमध. ढोलकी तालापुरती. रिव्हर्ब (घुमारा) चिमूटभर.

हे सगळं पहिल्यांदा कोजागरीच्या मंचावर करू नका. येत्या तालमीला दोन्ही कान लावून दोन तास गाऊ द्या, आणि पहिला अर्धा तास तुम्ही तिच्याच मिक्सचे हेडफोन लावून बसा.