जुन्या धाटणीच्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटार अँपला कुठल्या पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) घ्याव्यात? मुळातल्या ६व्ही६ जातीच्या ट्यूबऐवजी जास्त ताकदीच्या ६एल६ चालतील का?

६एल६चं आधी निकालात काढतो. लावू नका. सॉकेटमध्ये ती बसते, पिनाही जुळतात, म्हणूनच लोकांना मोह होतो. पण ६व्ही६चा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ०.४५ अँपिअर घेतो आणि ६एल६चा ०.९, म्हणजे थेट दुप्पट. तुमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला तेवढं झेपेल याची हमी नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर ६व्ही६च्या हिशोबाने गुंडाळलेला आहे आणि बायसही (ट्यूब किती करंट ओढेल हे ठरवणारं, तिच्या ग्रिड नावाच्या जाळीवरचं उणे व्होल्टेज) वेगळा लागतो. ६एल६चा आवाज हवा असेल तर ६एल६वर बांधलेला अँप घ्या. ईएल३४ या आणखी एका मोठ्या ट्यूबचं तर नावच काढू नका. तिचा हीटर दीड अँपिअर ओढतो आणि तिची पहिली पिन आठवीला जोडून घ्यावी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न. सध्याची जोडी वर्षाच्या आत मान टाकून बसली, विकणारा म्हणतो जुन्या साठ्यातली (पूर्वी बनलेली पण न वापरलेली) अमेरिकेच्या आरसीए कंपनीची घ्या, ती घ्यावी का? हे वाचून लिहायला बसलो, कारण याच प्रश्नावरून आमच्या बँडमधल्या दादाशी माझा जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

दादा आमचा थोरला गिटारवादक. कान चांगला, हात त्याहून चांगला, पण अँपचं काहीही बिघडलं की त्याचं निदान एकच: ट्यूब फालतू निघाली. त्याच्याकडेही तुमच्यासारखाच डिलक्स रिव्हर्बच्या धर्तीचा अँप होता. एकदा सरावात आवाज मधेच बसला. खर्ज फुसका झाला, सूर लांबवला की घरघर यायला लागली. मी मागे वाकून पाहिलं तर डाव्या ट्यूबची प्लेट (करंट गोळा करणारा आतला धातूचा पत्रा) लाल झालेली. सगळी नाही, काचेआड मधल्या शिवणीपाशी मंद लाल पट्टा होता आणि बघता बघता तो रुंद होत होता. मी लगेच अँप बंद केला.

दादाने भारी किंमत मोजून जुन्या साठ्यातली जोडी आणली. ज्या मेकॅनिककडून ती बसवून घेतली त्याने काहीही मोजलं नाही. म्हणाला, मॅच्ड जोडी आहे, बायस बघायची गरज नाही. या वाक्याने आजवर जितक्या चांगल्या ट्यूब मेल्या असतील तितक्या म्हातारपणाने मेल्या नसतील. मॅच्ड म्हणजे दोघी एकमेकींइतकाच करंट ओढतात, एवढंच. तुमच्या अँपमध्ये, तुमच्या व्होल्टेजवर त्या किती ओढतील, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

पुढच्याच सरावात पुन्हा डावी ट्यूब लाल. दादा म्हणाला, नकली माल दिला. मी म्हटलं, थांब, दोघींच्या जागा बदलू. बदलल्या, तर उजवीकडे गेलेली ट्यूब शांत आणि डावीकडे आलेली लाल. म्हणजे दोष सॉकेटमागे होता, ट्यूबमध्ये नव्हताच. दोन्ही ट्यूब काढून दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनवर, म्हणजे ग्रिडच्या पिनवर, मल्टिमीटर लावला. उजवीकडे उणे पस्तीसच्या आसपास, डावीकडे जेमतेम उणे वीस. फेज इन्व्हर्टरकडून (दोन्ही ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या भागाकडून) येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर गळत होता, त्याने सिग्नल सोडून डीसी अडवायचं असतं. पलीकडचं डीसी व्होल्टेज थोडं थोडं ग्रिडवर झिरपायचं, बायस कमी व्हायचा आणि ट्यूब बेसुमार करंट ओढायची. कपॅसिटर बदलला, बायस मोजून लावला आणि अँप खणखणीत वाजायला लागला.

दादा तेव्हापासून सगळ्यांना सांगतो की जुन्या ट्यूबमुळे आवाज आला. आणि "फालतू" म्हणून बाजूला टाकलेली ती पहिली जोडी? ती मी नंतर त्याच अँपमध्ये लावली, बायस लावून. आजही तीच वाजते आहे.

म्हणून कंपनी शेवटी निवडा, आधी मोजा. आरसीएच्या डेटाशीटमध्ये ६व्ही६जीटीला प्लेटवर कमाल ३१५ व्होल्ट दिलेत आणि फेंडरने या अँपमध्ये तिला चारशेच्या वर चढवलं. तुमच्या ट्यूब लवकर जाण्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. समजा तुमच्याकडे प्लेटवर ४१० व्होल्ट मिळाले. ट्यूबच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट धरा, फिक्स्ड बायसला (म्हणजे बायस वेगळ्या पुरवठ्यातून येतो तिथे) तिच्या सत्तर टक्के म्हणजे ८.४ वॉट, भागिले ४१०, साधारण २० मिलिअँपिअर. १४ वॉट मर्यादेची ट्यूब असेल तर २४पर्यंत. प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर लावून घ्या, मग जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर (त्यात थोडा स्क्रीनचा, म्हणजे ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचा, करंट येतो, तो धोक्याच्या बाजूचा नाही). याहून खूप कमी ठेवलात तर आवाज कोरडा आणि खरखरीत होतो, आणि लोक पुन्हा ट्यूबलाच शिव्या देतात.

नावांना भुलू नका. आज टंग-सोल, मलार्ड, जेनालेक्स अशा जुन्या कंपन्यांच्या छापाच्या ज्या नव्या ट्यूब मिळतात त्या एकाच मालकाच्या रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातून येतात. जुन्या मलार्डशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं. वाईट आहेत असं नाही, पण छापाचे पैसे मोजू नका. स्लोव्हाकियातल्या जेजेची ६व्ही६एस चढं व्होल्टेज चांगलं सोसते, तुमच्या अँपला मी तीच लावेन. जुनी आरसीए खरोखर चांगली असते, मी ते नाकारत नाही, पण गळक्या कपॅसिटरपुढे तीही तितक्याच लवकर मरते. ती लावायचीच असेल तर आधी अँप ठीक करा.

मॅच्ड जोडीला अर्थ नाही असंही समजू नका. दोघींत फार फरक असला की पुश-पुलमध्ये (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या रचनेत) हम, म्हणजे विजेची गुणगुण, कटत नाही. आणि तुमचा अँप फेंडरच्या सिल्व्हरफेसच्या (चंदेरी पॅनेलच्या अँपच्या) काळातल्या सर्किटचा असेल तर मागचा स्क्रू कदाचित बायस कमी-जास्त करतच नसेल, फक्त दोन ट्यूबमधला समतोल साधत असेल. तसं असेल तर आधी ते वायरिंग बदलून घ्यावं लागेल. वरचा सत्तर टक्क्यांचा हिशोबही फक्त फिक्स्ड बायसचा. फेंडरचा जुना ट्वीड डिलक्स किंवा व्हॉक्सचा एसी३० हे अँप कॅथोड बायसवर (कॅथोडच्या रेझिस्टरमुळे आपोआप ठरणाऱ्या बायसवर) चालतात, तिथे तो लावू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: आत चारशे व्होल्ट असतात आणि अँप बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. ते उतरवायची सवय नसेल तर स्वतः उघडू नका. मेकॅनिककडे न्या, पण त्याला माझ्यासमोर मोजा म्हणून सांगा आणि तीन आकडे लिहून घ्या: प्लेट व्होल्टेज, दोन्ही पाचव्या पिनांवरचं बायस, दोन्ही ट्यूबचा करंट. ते आकडे इथे टाका. डावी-उजवीत तफावत दिसली तर नवीन जोडी अजून मागवू नका.