बंद घरात माश्या येतात कुठून?

प्रश्न : आमचं मंगळवार पेठेत जुनं कौलारू घर आहे. मागच्या खोलीला लाकडी तक्तपोशी आहे. आठवडाभर रोज सकाळी त्या खोलीच्या खिडकीवर तीसेक मोठ्या, निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या बसलेल्या दिसतात. खिडकीला जाळी आहे, खोलीत खाण्याचं काही नसतं, वासही येत नाही. स्प्रे मारला की मरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच. घरातली मोठी माणसं शांत करून घ्या म्हणतात. काय करावं? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : शांत करायची गरज नाही. या माश्या बाहेरून येत नाहीत, तुमच्या घरातच जन्मतात. बाहेरून आलेली माशी ओट्याकडे, खरकट्याकडे जाते. कोषातून नुकतीच निघालेली माशी उजेडाकडे जाते आणि काचेवर सुस्त बसून राहते. निळ्या-हिरव्या चकाकीची माशी अंडी घालते ती मुख्यतः मेलेल्या प्राण्यावर. तक्तपोशीच्या वर उंदीर, घूस किंवा पारवा मेलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग वास का नाही? कारण तो येऊन गेला. प्राणी मेल्यावर काही तासांतच माशी अंडी घालते, साधारण दिवसभरात अळ्या निघतात. त्या पाच-सात दिवस खातात आणि मग कोरडी जागा शोधत दूर सरपटत जाऊन कोष करतात. आपल्याकडच्या हवेत मरणापासून माश्या उडेपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. तोवर लहान उंदीर बराचसा सुकलेला असतो. तीनेक आठवड्यांपूर्वी एखाददोन दिवस कुबट वास आला होता का, किंवा घरात उंदराचं औषध ठेवलं होतं का, ते आठवून पाहा. औषध खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो हा समज चुकीचा आहे. रक्त गोठू न देणारं औषध दोन-चार दिवसांनी लागू पडतं आणि अशक्त झालेला उंदीर नेहमीच्या आडोशालाच मरतो. म्हणून कौलारू घरात औषधापेक्षा सापळा किंवा पिंजरा बरा. मेलेला कुठं आहे ते कळतं तरी.

स्प्रेनं समोरची माशी मरते, कोषातली मरत नाही. फटीतून वर फवारणं तर टाळाच. वर साचलेल्या मेलेल्या माश्यांवर छोटे भुंगेरे पोसतात आणि पुढं ते लोकरीच्या कपड्यांपर्यंत पोचतात.

जागा अशी शोधा. भिंतीच्या कडेला, ट्रंकेखाली, चटईच्या घडीत तपकिरी, तांदळापेक्षा थोडे जाड, सेंटीमीटरभर लांब कोष दिसतात का पाहा. पुष्कळांना त्या उंदराच्या लेंड्या वाटतात, पण कोषावर आडव्या वळ्या असतात आणि रिकामा कोष एका टोकाला उघडलेला असतो. अळ्या काही मीटर सरकलेल्या असू शकतात, त्यामुळे कोष सापडला म्हणजे उंदीर तिथंच असेल असं नाही. मग तक्तपोशीच्या फटी, पंख्याच्या हुकाची आणि वायरीची भोकं यांवर रात्री चिकटपट्टी लावा. चिकट बाजू भोकाकडे आणि थोडी फट मोकळी. सकाळी ज्या पट्टीला माश्या चिकटतील, त्याच्या वरची जागा आधी पाहायची. फळीवर तेलकट डाग असेल तर खूण आणखी पक्की.

वर जायला पावसाळ्यात स्वतः कौलांवर चढू नका, शेवाळावरून पाय सरकतो. शाकारणी करणाऱ्या माणसाकडून तेवढ्या जागेची दोन-चार कौलं उतरवून घ्या. त्याला हातमोजे आणि मास्क द्या. सापडलेलं कोरडं झाडायचं नाही. एक लिटर पाण्यात 15 ते 20 ग्रॅम ब्लिचिंग पावडर ढवळून ते पाणी आधी शिंपडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग सगळं दोन पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधायचं. उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, म्हणून ही काळजी. ब्लिचिंगबरोबर संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही वापरू नका, विषारी वायू होतो.

काढणं शक्य नसेल तरी घाबरू नका. एका उंदरावर सहसा माश्यांची एकच पिढी निघते. फटी चिकटपट्टीनं बंद करा, एक खिडकी सोडून बाकीच्यांवर पडदे ओढा आणि त्या एका खिडकीवर जमतील त्या माश्या व्हॅक्यूमनं किंवा चिकट कागदानं काढा. दोन आठवड्यांत संख्या घटत गेली पाहिजे. महिन्यानंतरही तितक्याच येत असतील, तर दुसरं काहीतरी कुजतं आहे.

प्रश्न : राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीवर केसाळ, राखाडी, बारीक माश्या बसतात. फिनेल ओतून दमलो. (एक वाचक)

उत्तर : या मोरीतल्या माश्या. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, आत साबण, केस आणि मळाचा जो बुळबुळीत थर बसतो त्यात यांच्या अळ्या असतात. फिनेल किंवा उकळतं पाणी वरून वाहून जातं, थर तसाच राहतो. जाळी काढा, आतली वाटी उचला आणि लांब दांड्याच्या ब्रशनं बाजू खरवडून काढा. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. म्हणजे उरलेल्या अंड्यांतून निघणाऱ्याही जातील. वापरात नसलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की लाइनीतून माश्या आणि वास थेट वर येतात, म्हणून तिथं आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. एवढं करूनही येतच राहिल्या, आणि त्या उडण्यापेक्षा भिंतीवर तुरुतुरु पळत असतील, तर त्या निराळ्या. फरशीखालचा पाइप फुटून माती ओली झाली असेल. तिथं ब्रश उपयोगाचा नाही, प्लंबरच लागेल.

प्रश्न : कसबा बावड्यात दारातच म्हशींचा गोठा आहे. शेण रोज काढतो, तरी घरमाश्या हटत नाहीत. (एक वाचक)

उत्तर : गव्हाणीखाली पाहा. सांडलेली पेंड आणि कडब्याचा चुरा मुतानं भिजून राहतो, त्यात अळ्या शेणापेक्षाही जोमानं वाढतात. उष्ण हवेत घरमाशीला अंड्यापासून उडायला सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून ही जागा दर तीन दिवसांनी खरवडून कोरडी करा. उकिरड्यावर जाड प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबा. ढिगाच्या आत उष्णतेनं अळ्या मरतात, कडेच्या गार भागात त्या जगतात. तेव्हा आठवड्याला कडेचं शेण फावड्यानं मध्यावर ओढत चला.