रक्कम फॉर्ममधून पाठवू नका : वाचकांचे प्रश्न

जावास्क्रिप्टमधलं (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टमधलं) मूल्य सर्व्हरला कसं द्यायचं, यावरची पत्रं थांबत नाहीत. बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे.

स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल पीएचपीत थेट का वाचता येत नाही? (कराड)

पीएचपी सर्व्हरवर आधीच चालून संपलेलं असतं. मूल्य हिडन इनपुटमध्ये, म्हणजे फॉर्मच्या न दिसणाऱ्या रकान्यात, भरून फॉर्म पाठवा.

हिडन इनपुटला आयडी दिला, तरी सर्व्हरवर काहीच येत नाही. (विटा)

आयडी जात नाही, नेम जातं. इनपुट डिसेबल्ड असेल तर तेही जात नाही, रीडओन्ली जातं.

बेदाण्याच्या ऑर्डरची एकूण रक्कम स्क्रिप्टने काढून हिडन फील्डमधून पाठवतो. डिझायनर म्हणतो, राइट-क्लिक बंद आहे, फॉर्म पाठवायला पोस्ट पद्धत वापरलीय, चिंता नको. (तासगाव)

चिंता करा, आणि आजच. एफ१२ दाबलं की ब्राउझरची साधनं उघडतात. तिथे ४,८०० च्या जागी १ लिहून फॉर्म पाठवायला मिनिटही लागत नाही. राइट-क्लिक बंद करण्याचे पैसे कोणी घेतले असतील, तर ते फुकट गेले. पोस्टमुळे मूल्य फक्त पत्त्याच्या ओळीत दिसत नाही. एचटीटीपीएस (सांकेतिक रूपातली जोडणी) वाटेतल्या तिसऱ्याला अडवतं, खुद्द ग्राहकाला नाही.

ब्राउझरकडून फक्त मालाचा कोड आणि नग घ्या. दर सर्व्हरने डेटाबेसमधून काढावा आणि गुणाकारही तिथेच व्हावा. नग पूर्णांक आहे ना, शून्याहून मोठा आहे ना, हे तपासा. उणे नगाने बिल कमी होतं. पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेला) रक्कम सर्व्हरनेच कळवावी आणि तिच्याकडून परत आलेली डिजिटल सही गुप्त किल्लीने सर्व्हरवरच पडताळावी. ती किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहिलेली सापडली, तर लगेच बदला. स्क्रिप्टमधली बेरीज ग्राहकाला दाखवण्यापुरती राहू द्या. सुरू असलेली साइट स्वतः दुरुस्त करत बसू नका. ऑनलाइन पेमेंट तूर्त बंद ठेवा आणि सर्व्हरचा कोड त्याच डिझायनरला नव्हे, दुसऱ्या जाणकाराला दाखवा. सीझन संपल्यावर बघू, असं म्हणू नका.

स्क्रिप्टमधून सबमिट() बोलावलं की कंदी पेढ्यांचं वजन भरणारं फंक्शन चालत नाही. (सातारा)

सबमिट() ने ऑनसबमिट, म्हणजे फॉर्म पाठवताना चालायचं फंक्शन, घडत नाही. रिक्वेस्टसबमिट() वापरा, त्याने आवश्यक रकान्यांची तपासणीही होते.

ग्राहक "१२" असं मराठी आकड्यांत लिहितात आणि ऑर्डर शून्याची पडते. (मिरज)

जावास्क्रिप्टच्या नंबर() ला देवनागरी आकडे कळत नाहीत. पीएचपीत इंट (पूर्णांक) केलं की शून्यच येतं. मोजण्याआधी सर्व्हरवर ० ते ९ हे दहा देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत (0 ते 9) बदला. तरीही शून्य आलं, तर ऑर्डर नाकारा. जुन्या ऑर्डरी अशा पडल्या असतील, तर त्या दुरुस्त करण्याआधी हिशेबनिसाला विचारा.