सगळे रोज ब्रश करतात, तरी घरात सगळ्यांचेच दात खराब कसे?

‘आमच्या घराण्यातच दात वाईट आहेत, मग मुलांचं वेगळं काय होणार?’ दातांच्या दवाखान्यात समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांकडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यापैकी एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घरात पाच माणसं. सात वर्षांच्या मुलीची दाढ किडली होती. घरच्यांना ती दुधाची वाटली, निघाली कायमची. अडीच वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर पांढरट रेघा होत्या आणि एका दातावर तपकिरी डाग. वडिलांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येई. आजीच्या कवळीखाली सतत फोड. आई म्हणाली, ‘मी चार प्रकारच्या पेस्ट आणल्या, माउथवॉश आणलं, रोज रात्री ओरडते. अजून काय करू?’

अशा वेळी ‘ब्रश करता का?’ हे विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी रात्रीच्या जेवणापासून दिवा मालवेपर्यंत घरात क्रमाने काय काय घडतं ते सांगायला लावलं. जेवण आठला. मग टीव्ही, टीव्हीसमोर बिस्किटं. दहा वाजता सगळ्यांचे डोळे मिटायला लागले की ‘चला, दात घासा’ची आरोळी. मुलगी एकटीच बेसिनपाशी जाऊन अर्ध्या मिनिटात परत. मुलगा दुधाची बाटली तोंडात धरून झोपलेला. वडील सोफ्यावरच आडवे. आजी कवळीसकट अंथरुणात. पाच जणांपैकी रात्री नीट दात घासणारी एकटी आई.

आनुवंशिकतेचा भाग अगदीच खोटा नाही. दातांची ठेवण, दाढांच्या खाचांची खोली, लाळेचं प्रमाण यांत घराण्याचा थोडा वाटा असतो. पण एका घरातली माणसं खाण्याच्या वेळा, खाऊचा डबा आणि झोपेआधीची घाई हेही वाटून घेत असतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कीड बहुतेकदा या सवयींची असते, आणि सवयी बदलता येतात.

तोंडातले जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दातांजवळचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की वरच्या कवचातले क्षार विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल शमवते आणि क्षार परत बसवते, पण त्यासाठी तिला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. चार बिस्किटं एकदम खाल्ली तर दातांवर एक हल्ला. तीच चार बिस्किटं दुपारभर एकेक करून खाल्ली तर चार हल्ले, आणि मध्ये लाळेला उसंत नाही. या घरातली मुलगी शाळेच्या बाटलीत फळांचा रस नेऊन दिवसभर घोट घोट पीत होती. तिची दाढ किडायला तेवढं पुरेसं होतं. झोपेत तर लाळ जवळजवळ आटतेच, म्हणून दोन ब्रशिंगपैकी एक चुकणारच असेल तर ते रात्रीचं असू नये.

घरासाठी मुख्य बदल एकच सुचवला: रात्रीचा ब्रश झोपेला न जोडता जेवणाला जोडायचा. ताटं उचलली की सगळ्यांचे ब्रश, टीव्ही त्यानंतर, आणि तिथून पुढे फक्त पाणी. जेवणात लिंबू किंवा आंबट काही असेल तर मात्र अर्धा तास थांबायचं, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने झिजतं. दहा वाजता दमलेल्या मुलाशी भांडण्यापेक्षा साडेआठला जाग्या मुलाचे दात घासणं केव्हाही सोपं. मुलाचा ब्रश रोज वडिलांच्या हातात, मुलीचा आईच्या, हेही ठरवून टाकलं. ‘कोणीतरी घासेल’ असं ठेवलं की कोणीच घासत नाही.

मुलाच्या बाबतीत बाटली सोडवणं हेच खरं काम होतं. बाटलीतलं दूध झोपेत वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि तिथे लाळ जास्त, म्हणून ते वाचतात. कीड वर सुरू झाली आणि खालचे दात स्वच्छ असले की पहिला संशय बाटलीवर जातो. एकदम बंद करणं जमत नसेल तर दोन आठवड्यांत दुधात पाणी वाढवत न्यायचं, शेवटी नुसतं पाणी. दूध प्यायचंच असेल तर कपाने, ब्रशच्या आधी. दोन-तीन रात्री रडारड होईल हे आईला आधीच सांगितलं, नाहीतर पहिल्याच रात्री बाटली परत येते.

एवढ्या लहान मुलाचे दात समोर उभं राहून घासता येत नाहीत, ओठ आड येतो. एकाने मांडी घालून बसायचं, मुलाचं डोकं मांडीवर, तोंड वर. दुसऱ्याने हात हलकेच धरायचे. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचलायचा, मग हिरडीलगतची कड दिसते आणि तिथेच ब्रश फिरवायचा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. पेस्टमध्ये फ्लोराइड (दातांचं कवच घट्ट करणारा घटक) किमान १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, हवं. ट्यूबवर बारीक अक्षरांत आकडा असतो, तो वाचायचा, पुढचं कार्टून नाही. दाण्याएवढी पेस्ट गिळली गेली तरी काळजी नको. महिन्यातून एकदा उजेडात ओठ उचलून पाहायचं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी, आणि ती थांबवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर लगेच दंतवैद्याकडे.

मुलीची जी दाढ किडली, ती साधारण सहाव्या वर्षी येते. दुधाची एकही दाढ पडत नाही, सगळ्यांच्या मागे ही गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. उगवताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. सरळ फिरवलेला ब्रश पुढच्या दाढेवरच अडतो आणि मागचा खोलगट भाग तसाच राहतो. त्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून फक्त त्या दाढेवर फिरवावा लागतो. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला हे कौशल्य नसतं. म्हणून आधी मुलीने घासायचं, नंतर आईने मागच्या चार दाढा. उरलेल्या चांगल्या दाढांच्या खाचा सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, बुजवण्याबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलं. रसाच्या बाटलीत पाणी आलं.

सगळ्यांना अवघड गेलेली गोष्ट भलतीच निघाली: ब्रशनंतर खळखळून चूळ न भरणं. फेस थुंकायचा आणि थांबायचं. पाण्याने पेस्टमधलं फ्लोराइड धुतलं जातं. लगेच माउथवॉश वापरणंही नुकसानीचंच, कारण रोजच्या माउथवॉशमध्ये फ्लोराइड पेस्टपेक्षा कितीतरी कमी असतं. ते हवंच असेल तर दुसऱ्या वेळी, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना नाहीच. आईने आणलेल्या चार पेस्टपैकी एक घरभर पुरणार होती, फक्त प्रमाण वेगळं.

वडील रक्त येतं म्हणून ती बाजू घासतच नव्हते. अगदी उलट व्हायला हवं होतं. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे ती सुजते आणि सुजलेली हिरडी स्पर्शानेच रक्त सोडते. थर दाखवण्यासाठी त्यांना रंगाची गोळी चघळायला दिली. दातांचा मधला भाग कोरा, आणि हिरडीलगत व दोन दातांमधल्या फटीत गडद गुलाबी पट्टा. आरशात ते पाहिल्यावर समजावणं फारसं लागलं नाही. मऊ ब्रश, केस हिरडीकडे ४५ अंश तिरके, दोन-तीन दात एका वेळी, लहान हालचाली, एकूण दोन मिनिटं. ब्रशचे केस फाकले तर तीन महिन्यांची वाट न पाहता बदलायचा, आणि ते लवकर फाकत असतील तर हात जड आहे. फटींसाठी दिवसातून एकदा फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. हा ब्रश जोर लावून घुसवायचा नाही, अडत असेल तर लहान आकाराचा घ्यायचा.

स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात दातांवरचं कीटण खरवडून काढल्याने, दात हलतात ही त्यांची दुसरी भीती. घट्ट झालेलं कीटण ब्रशने निघत नाही. ते काढल्यावर आधीच सैल झालेला दात सैल जाणवतो आणि फटी मोकळ्या दिसतात, दोष मात्र साफसफाईला लागतो. त्यांना रक्तातली साखर तपासायलाही सांगितलं, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. (धूम्रपान करणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तंबाखूमुळे रक्तस्राव झाकला जातो, आजार आतून वाढतच असतो.)

पुढच्या भेटीत त्यांचं रक्त बहुतेक थांबलं होतं. दोन आठवडे नीट साफ करूनही एका दाढेजवळ येत राहिलं, तिथे तपासणीत हिरडीचा खोल कप्पा सापडला आणि उपचार सुरू झाले. मुलाच्या पांढऱ्या रेघा वाढल्या नाहीत. तपकिरी डागाच्या दाताला उपचार लागले.

आईने आणखी एक विचारलं: सकाळचा ब्रश नाश्त्याआधी की नंतर? आधी केला तर वेळेचा प्रश्न मिटतो. नंतर करायचा असेल तर आंबट खाण्यानंतरचा अर्ध्या तासाचा नियम इथेही लागू.

राहिल्या आजी. कवळी टूथपेस्टने घासल्यामुळे तिच्यावर ओरखडे पडले होते आणि ओरखड्यांत जंतू बसतात. त्यापेक्षा साधा साबण आणि वेगळा ब्रश, घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाणी नको, आकार बिघडतो. रात्री काढून पाण्यात, आणि हिरड्या व जीभ मऊ ब्रशने पुसायच्या. दोन आठवड्यांत न भरणारा फोड दाखवायलाच हवा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर गोळ्या बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. हे सगळं आजींना पटलं, पण नातवंडांसमोर बोळकं तोंड दाखवायची त्यांची तयारी नव्हती. त्यावर हट्ट धरला असता तर त्यांनी बाकीचंही सोडलं असतं. सध्या दुपारी दार लावून दोन-तीन तास कवळी पाण्यात असते, आणि मुलं झोपल्यावर रात्रीही, आठवड्यातले बहुतेक दिवस.