फुटबॉल संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, गेल्यावरच चाहत्यांना त्याची किंमत का कळते?

कारण तो असताना तुलना होते ती त्याच्याच जुन्या यशाशी. गेल्यावर ती त्याच्या जागी आलेल्यांशी होते.

इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर आर्सेन वेंगर बघा. 2003-04 मध्ये त्यांचा संघ लीगमध्ये एकही सामना हरला नाही. पुढे 2005 मधल्या चषकानंतर थेट 2014 पर्यंत एकही चषक नाही, आणि शेवटी तर स्टेडियममध्ये ‘वेंगर आउट’चे (वेंगरना काढा) फलक लागले. 2018 मध्ये ते गेले. त्यानंतर संघ लागोपाठ दोनदा आठवा आला, तेव्हा वेंगर यांच्या काळात ज्याची थट्टा व्हायची तो लीगमधला चौथा क्रमांक एकदम मोठा वाटायला लागला! नव्या स्टेडियमच्या कर्जाच्या काळात त्यांनी संघ वरच्या चारांत टिकवला, हेही मग लोकांनी मोजलं. 2023 मध्ये त्याच स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला.

म्हणून फलकवाले सगळेच चुकले असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दोन हंगामांत संघ पाचवा आणि सहावा आला, आणि बाहेरच्या मैदानांवरचा बचाव तर बघवत नव्हता.

डेव्हिड मॉयस यांचं प्रकरण वेगळं. मँचेस्टर युनायटेडने त्यांना 2014 मध्ये दहा महिन्यांच्या आतच काढलं. नंतर आलेले मॅनेजर व्हॅन खाल आणि मोरिन्यो यांनाही तिथे लीग जिंकता आली नाही, तेव्हा दोष फक्त मॉयस यांचा नव्हता हे दिसलं.